शुक्रवारी दुपारी दोनच्या आत

(मंडळाच्या मासिक सभेत जुलै २०१९ मध्ये केलेले भाषण. विषय : आपले आपण इस्रायलला जाताना)



दर महिन्याला या ठिकाणी विद्वान मंडळी बोलतात आणि आम्ही मागच्या रांगेत बसून ऐकतो. या वेळी कार्यवाहांनी आम्हालाच पुढे आणून उभे केले. आम्ही म्हणजे इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा करून राज्य सरकारच्या नोकरीत वीस वर्षे काढलेला माणूस. भाषणाची सवय नाही, टिपणी लिहायची आहे. तेव्हा हे भाषण थोडे टिपणीसारखे झाले तर सांभाळून घ्यावे.

गेल्या फेब्रुवारीत आम्ही दोघे नवराबायको आणि आमची आई असे तिघे अकरा दिवस इस्रायलला जाऊन आलो. टूर कंपनी नाही, गाइड नाही. तेव्हापासून दांडिया बाजारात भाजी घेतानासुद्धा लोक थांबवून विचारतात, "कसे गेलात? भीती नाही वाटली? जेवणाचे काय?" म्हणून सगळे एकदाच सांगून टाकतो.

पहिला प्रश्न, इस्रायलच का? आईचे माहेर अलिबाग. अलिबागेत इस्रायल आळी आहे, हे आपल्यापैकी कोकणातल्या मंडळींना ठाऊक असेल. कोकणातले बेने इस्रायली, म्हणजे पेणकर, रोहेकर, दिवेकर, नवगावकर अशा आडनावांचे ज्यू लोक. नवगावच्या किनाऱ्याजवळ त्यांच्या पूर्वजांचे जहाज फुटले अशी त्यांच्यात परंपरा आहे. तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावाने त्यांना नाव दिले 'शनिवार तेली'. आपल्या गुजरातलाही हा समाज नवा नाही. अहमदाबादला खमासा भागात त्यांचे १९३४ साली बांधलेले प्रार्थनामंदिर आहे, आणि कांकरियाचे प्राणिसंग्रहालय ज्यांनी उभे केले ते रूबेन डेव्हिड याच समाजातले.

आईची शाळेतली जिवलग मैत्रीण या आळीतली. आम्ही तिला मावशी म्हणतो. १९६९ साली मावशी आईवडिलांबरोबर इस्रायलला गेली, आणि पुढच्या वर्षी आई लग्न होऊन बडोद्याला आली. पन्नास वर्षे पत्रे, मग फोन. भेट एकदाही नाही. मावशी आता मुलीकडे दिमोना नावाच्या गावात राहते. देशाच्या दक्षिणेला, वाळवंटातले गाव. तिथे आपल्याकडून गेलेली इतकी कुटुंबे आहेत की त्याला 'लिटल इंडिया' म्हणतात. दोघी बहात्तर वर्षांच्या. आईचे गुडघे गेलेले, मावशीचे डोळे. आई एकदाच म्हणाली, "तिकडे नेशील का?" मग आम्ही पासपोर्ट काढले.

आता झालेली चूक आधी सांगतो, कारण आजचे सगळे भाषण त्या एका चुकीवर उभे आहे.

आम्ही बडोद्यात बसून छान वेळापत्रक केले. गुरुवारी तेल अवीवला उतरायचे, शुक्रवारी गाव बघून संध्याकाळी रेल्वेने बीरशेबा आणि तिथून बसने दिमोना. शुक्रवारची रात्र आणि शनिवार मावशीकडे, रविवारी पुढे. शनिवारी ज्यू लोक काम करत नाहीत, हे आम्हाला माहीत होते. पण त्याचा शनिवार शुक्रवारी दुपारीच सुरू होतो आणि तो पाळायला सगळी रेल्वे थांबते, हे लक्षात घेतले नव्हते. साइट न बघता केलेले एस्टिमेट, दुसरे काय!

शुक्रवारी सकाळी आम्ही तेल अवीवच्या कार्मेल मार्केटमध्ये गेलो. गर्दी अशी, की गणपतीच्या आदल्या दिवशीची मंडई. जो तो फुले घेतोय, वेणीसारखा गुंफलेला पाव घेतोय, पिशव्या भरून धावतोय. आम्हाला मोठी मजा वाटली. हे लोक धावताहेत कशासाठी, असा प्रश्न आम्हाला पडायला हवा होता, तो पडला नाही. तीन वाजता सामान घेऊन स्टेशनवर पोचलो तर फाटक बंद. आतल्या पहारेकऱ्याने हात हलवून एकच शब्द सांगितला, "शब्बात." शेवटची गाडी केव्हाच गेली होती. पुढची शनिवारी रात्री.

मावशीच्या मुलीला फोन लावला. तिचे मराठी मोडके, पण अर्थ स्पष्ट होता. "टॅक्सी केलीत तरी येईपर्यंत सूर्य बुडेल. शब्बातमध्ये दारात गाडी आलेली आईला बरी वाटणार नाही. उद्या रात्री या. आता मी फोन ठेवते, नंतर घेता येणार नाही." मागून मावशीचा आवाज येत होता, "आली का गो? कुठपर्यंत आली?" आणि फोन बंद झाला.

त्या रात्री हॉटेलच्या खोलीत आई पिशवी मांडीवर घेऊन बसली होती. आम्हाला एक शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरे झाले असते. पन्नास वर्षांनी भेट ठरली, आणि आम्ही ती बाजारात हुंदडत घालवली. तिकडे मावशीने ताटे मांडली असणार, आणि आम्ही कुठे आहोत हे विचारायला तिला फोनही करता येत नव्हता.

तेव्हा मंडळी, पहिला आणि मुख्य नियम हा : इस्रायलला जाताना आधी कॅलेंडर बघा, मग नकाशा.

शब्बात शुक्रवारी सूर्यास्ताच्या थोडे आधी लागतो आणि शनिवारी रात्री आकाशात तारे दिसल्यावर सुटतो. रेल्वे आणि बहुतेक बसगाड्या शुक्रवारी दुपारीच थांबतात, म्हणजे शेवटच्या माणसालाही घरी पोचून अंघोळ करता यावी. ज्यू वस्तीतली दुकाने बंद, बरीचशी हॉटेले बंद. म्हणून शुक्रवारी दुपारी दोनच्या आत जिथे मुक्काम करायचा तिथे पोचा. खाण्याचे, पाण्याचे, औषधाचे सामान घेऊन ठेवा. हिवाळ्यात दिवस लहान, तेव्हा आणखी लवकर.

अडकलातच तर काय? तेल अवीवमध्ये अडकणे त्यातल्या त्यात बरे. तिथे काही उपाहारगृहे उघडी असतात, समुद्रकिनाऱ्याने चालत जुन्या याफा गावापर्यंत जाता येते, आणि 'शेरूत' नावाच्या पिवळ्या मिनीबस, आपल्याकडच्या शटल रिक्षांसारख्या, काही ठरावीक मार्गांवर शनिवारीही धावतात. हैफा शहरात काही बस चालू असतात. जेरुसलेमच्या पूर्व भागातल्या अरब बस शनिवारी नेहमीसारख्या चालतात. टॅक्सी मिळते, पण शब्बातचा दर वेगळा आणि जास्त असतो. शनिवारी रात्री पहिल्या गाडीला गर्दी, आणि रविवारी सकाळी तर त्याहून जास्त, कारण रविवार हा तिथला सोमवार. सुट्टी संपवून परतणारे सैनिक पाठीवर सामान आणि खांद्याला बंदूक लावून गाडीत भरलेले असतात. घाबरू नका, आजीबाई दिसल्या की तेच उठून जागा देतात. आईला प्रत्येक वेळी दिली.

हे झाले आठवड्याचे. वर्षाचेही असेच आहे, आणि इथे आपल्याला एक सोय आहे, ती बाकीच्या प्रवाशांना नाही. ज्यू पंचांग आपल्यासारखेच चांद्र महिन्यांचे. एकोणीस वर्षांत सात अधिक महिने धरून ते सूर्याशी मेळ घालतात. त्यामुळे भिंतीवरचे आपले पंचांग बघून त्यांच्या सणांचा अंदाज येतो. २०१९ चेच बघा. घटस्थापना २९ सप्टेंबरला, त्याच संध्याकाळी त्यांचे नववर्ष रोश हाशाना सुरू. दसरा ८ ऑक्टोबरला, त्याच संध्याकाळी त्यांचा प्रायश्चित्ताचा दिवस योम किप्पूर. कोजागिरीला मांडवांचा सण सुक्कोत. त्या वर्षीची होळी आणि त्यांचा पुरिम एकत्र आले, हनुमान जयंतीच्या संध्याकाळी त्यांचा पेसाख लागला. एखाद्या वर्षी अधिक महिना पुढे-मागे आला तर एक महिन्याचा फरक पडतो, म्हणून तारीख ताडून बघायचीच, पण अंदाज चुकत नाही.

याचा उपयोग काय? योम किप्पूरला सगळा देश थांबतो. विमानतळसुद्धा बंद. रस्त्यावर गाडी नाही, मुले सायकली चालवतात. त्या दिवशी पोचायचे किंवा निघायचे तिकीट काढू नका. पेसाखच्या आठवड्यात ज्यू दुकानांतून पाव, बिस्किटे, पास्ता नाहीसे होतात, कपाटांवर पडदे ओढलेले असतात. सुक्कोतला हॉटेले महाग आणि भरलेली. नोकरदारांना दिवाळीची सुट्टी सर्वांत चांगली, तोपर्यंत हे सण आटोपलेले असतात आणि हवाही बरी असते. वसंतात स्मृतिदिनांना देशभर भोंगा वाजतो आणि लोक हमरस्त्यावर गाड्या थांबवून खाली उतरून उभे राहतात. आपणही उभे राहावे, मोबाइल खिशात ठेवून.

आता क्रमाने बाकीच्या गोष्टी.

सरकारी नोकरीतल्या बंधूंनी आधी खात्याचे ना-हरकत प्रमाणपत्र आणि रजा मंजूर करून घ्यावी, तिकिटे नंतर. एलटीसीत परदेश बसत नाही, हेही सांगून टाकतो, कारण ते तिघांनी विचारले. व्हिसा निघण्यापूर्वीच काढावा लागतो. आम्ही मुंबईच्या वकिलातीमार्फत काढला. पगारपत्रक, बँकेचे उतारे, जाण्यायेण्याचे आरक्षण, विमा आणि कुठे राहणार याचा तपशील एका फायलीत लावून ठेवा. शेकेल हे तिथले चलन, आम्हाला एक शेकेल साधारण वीस रुपयांना पडला. देश महाग आहे, हे मनाशी धरूनच जा.

इस्रायलच्या विमानात बसण्यापूर्वी मुलाखत होते, कधी आपल्या विमानतळावरच. विमानापूर्वी तीन तास पोचा. बॅग कोणी भरली, कोणी काही पोचवायला दिले का, तिकडे कोण ओळखीचे, कधीपासूनचे. प्रश्न उलटसुलट विचारतात. खरे आणि थोडक्यात सांगा, विनोद करू नका. आम्ही सविस्तर उत्तर द्यायला लागलो की ती अधिकारी मुलगी आणखी तीन प्रश्न काढायची. शेवटी आईने पर्समधून फोटो काढला. दोन वेण्यांतल्या दोन मुली, पाठीमागे अलिबागचा समुद्र. "ही मी, ही ती," एवढेच मराठीत म्हणाली. मुलगी हसली आणि तिने स्टिकर लावला.

उतरल्यावर पासपोर्टवर शिक्का मारत नाहीत, एक लहानसा निळा कागद देतात. तो परत येईपर्यंत जपा. परदेशी पाहुण्याला हॉटेलच्या खोलीवर २०१९ मध्ये सतरा टक्के कर माफ होता, आणि तो कागद दाखवला की हॉटेलवाले ती सूट देत. आम्हाला पहिल्या हॉटेलात हे माहीत नव्हते.

बससाठी 'राव-काव' नावाचे कार्ड मिळते, ते पहिल्याच दिवशी घ्या. मोबाइलवर 'मूव्हिट' हे ॲप घालून ठेवा, बस किती वाजता आणि कुठून ते इंग्रजीत कळते. पाट्या हिब्रू, अरबी आणि बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात. बस स्टँडवर, मॉलच्या दारात बॅग तपासतात. सामान बाकावर ठेवून चहा आणायला जाऊ नका, परत येईपर्यंत पोलीस जमलेले असतील. हॉटेलात पोचलात की सुरक्षित खोली कुठे आहे ते विचारून घ्या. निघण्यापूर्वी आपल्या परराष्ट्र खात्याच्या सूचना वाचा. गाझा सीमेच्या बाजूला हौसेने जाण्यासारखे काही नाही. बेथलेहेमला जायचे असेल तर ते पॅलेस्टिनी भागात आहे, येताना चौकीवर तपासणी होते, पासपोर्ट आणि निळा कागद जवळ हवा.

आता जेवण. शाकाहारी माणसाची तिथे आबाळ होत नाही. कोशेर नियमाप्रमाणे दूध आणि मांस एकत्र चालत नाही, म्हणून उपाहारगृह एकतर दुधाचे नाहीतर मांसाचे. 'हालावी' पाटी म्हणजे दुधाचे. तिथे मांसाचा तुकडासुद्धा नसतो, भांडी वेगळी, चूल वेगळी. पण सावध, मासे आणि अंडी त्यांच्या हिशोबात मांस नाहीत, ती 'हालावी' ठिकाणी असतात. तेवढे विचारा. फलाफेल, हुम्मुस, वांगी, सॅलड पोटभर मिळते. नळाचे पाणी पिण्याजोगे आहे, बाटल्यांवर पैसे घालवू नका.

पोशाख. जेरुसलेमला, आणि विशेषतः मेआ शेआरीम या कर्मठ वस्तीत, बायकांनी बाह्या आणि पाय झाकलेले असावेत, पुरुषांनी अर्धी चड्डी घालू नये. फोटो काढण्यापूर्वी विचारावे, शब्बातला काढूच नयेत. आईची साधी पाचवारी साडी सगळीकडे चालली, ज्यूंकडे, मशिदीपाशी, चर्चमध्ये. धार्मिक ज्यू स्त्रीपुरुष परक्या माणसाशी हस्तांदोलन करत नाहीत. तिथे हात पुढे करून अवघडण्यापेक्षा आपला नमस्कार करावा, सगळ्यांना कळतो.

जेरुसलेमला आम्ही मंगळवार ते गुरुवार होतो. जुन्या शहरात तीन धर्म आणि तीन सुट्ट्या : शुक्रवार मुसलमानांचा, शनिवार ज्यूंचा, रविवार ख्रिस्त्यांचा. म्हणून मधले चार दिवस उत्तम. पश्चिम भिंतीपाशी स्त्रियांची आणि पुरुषांची बाजू वेगळी. पुरुषांनी डोके झाकायचे, टोपी तिथे मिळते, पण आम्ही घरची टोपी नेली होती. लोक चिठ्ठी लिहून दगडांच्या फटीत ठेवतात आणि निघताना भिंतीकडे पाठ न करता काही पावले मागे येतात. आपल्यालाही हे नवे नाही, गाभाऱ्यातून आपण तसेच निघतो. वरच्या मशिदीच्या आवारात इतर धर्मीयांना रविवार ते गुरुवार ठरावीक वेळीच सोडतात, सकाळी लवकर रांग लावा. याद वाशेम हे ज्यूंच्या संहाराचे स्मारक बघायला तिकीट नाही, पण अर्धा दिवस ठेवा, आणि त्यानंतर दुसरे काही ठेवू नका. ते शनिवारी बंद असते. हेरोद दरवाजाजवळ बाबा फरीद यांच्या नावाशी जोडलेली हिंदी सराई आहे, तिथे आपला तिरंगा दिसतो. परदेशात तिसऱ्या दिवशी तो दिसला की बरे वाटते. मृत समुद्रावर एक दिवस जाऊन या. त्या सकाळी दाढी करू नका. का, ते पाण्यात उतरल्यावर कळेल.

आता कोणाच्या घरी जाणार असाल तर. हा भाग आम्ही चुकतमाकत शिकलो.

काय न्यावे, हे आधी विचारा. ताजी भाजी, फळे, बी-बियाणे नेता येत नाहीत. आईला अलिबागच्या पांढऱ्या कांद्याची माळ न्यायची होती, ती आम्ही घरी ठेवायला लावली. तुपातले लाडू केले होते, तेही राहिले. कोशेर स्वयंपाकघरात दुसऱ्याच्या चुलीवरचे आणि त्यात तुपातले, कुठल्या ताटात वाढायचे हा त्यांना प्रश्न. मावशीला फोन करून विचारले तर म्हणाली, "काही नको. पोहे आण. आपल्याकडचे. बंद पाकिटातले." आईने चार किलो नेले.

त्यांच्या दाराच्या चौकटीला उजवीकडे एक छोटी नळी तिरकी लावलेली असते, आत धर्मग्रंथातला मजकूर असतो, तिला मेझूझा म्हणतात. घरचे लोक जाता-येता तिला हात लावतात. आपण लावायलाच हवा असे नाही, पण सामान आपटून ती पाडू नये. स्वयंपाकघरात मदत करायला धावू नका. दुधाचा चमचा मांसाच्या भांड्यात गेला तर ते सगळे भांडे गेले. आधी विचारा, मग हात लावा.

तर शनिवारी रात्री साडेदहाला आम्ही दिमोनाला पोचलो. मावशी जिन्याच्या खाली, थंडीत, मुलीचा हात धरून उभी. डोळ्यांनी नीट दिसत नाही, तरी आईच्या पावलांच्या आवाजाकडे वळली आणि म्हणाली, "लंगडतेस का गो?" पन्नास वर्षांनंतरचे पहिले वाक्य. मग दोघी रडल्या, ते सांगत नाही.

वर टेबलावर मलिदा मांडलेला होता. बेने इस्रायली लोक नवस फेडताना एलियाहू हन्नाबी, म्हणजे एलिया पैगंबराच्या नावाने मलिदा करतात. भिजवलेले पोहे, गूळ, खोबरे, सुकामेवा आणि बाजूला फळे. मावशीने नवस बोलला होता. आमचे पोहे पोचले नव्हते म्हणून तिकडच्याच दुकानातले घेऊन केला होता. आम्ही पुन्हा माफी मागितली. ती म्हणाली, "अरे, शुक्रवार चुकला म्हणून काय झालं. पुढचा शुक्रवार आहेच की. दुपारी दोनच्या आत ये."

पुढच्या शुक्रवारी आमचा बेत हैफा आणि नाझरेथचा होता. हैफाला १९१८ च्या लढाईत म्हैसूर आणि जोधपूरच्या घोडदळाने पराक्रम केला, ते स्मारक बघायची आमची फार इच्छा होती. पण आईने आमच्याकडे बघितले फक्त. रात्रीच हॉटेलचे आरक्षण रद्द केले, पैसे बुडाले ते बुडाले. गुरुवारपर्यंत जेरुसलेम केले आणि २२ फेब्रुवारीला सकाळच्याच बसने निघालो. दिमोनाच्या दारात उतरलो तेव्हा घड्याळात साडेबारा झाले होते.

आणि तेव्हा कळले की त्या बाजारात लोक कशासाठी धावत होते. चार वाजता घर झाडून-पुसून चकचकीत, रस्से झाकून गरम तव्यावर ठेवलेले, दिवे लावायचे ते लावलेले, टीव्ही बंद, फोन कपाटात. मावशीने मेणबत्त्या लावून डोळ्यांवर हात ठेवले. मनुकांचे सरबत सगळ्यांना दिले, कोकणात असताना करायचे तसेच. त्यानंतर पंचवीस तास कोणाला कुठेही जायचे नव्हते. कोणाचा फोन येणार नव्हता. दोघी सोफ्यावर शेजारी बसल्या आणि बोलत राहिल्या. आम्ही टूर कंपनीबरोबर गेलो असतो तर ते पंचवीस तास आम्हाला 'वाया गेलेला दिवस' वाटले असते.

एक घोळ तिथेही झाला. आमच्यापैकी एक जण न्हाणीघरातून बाहेर आला आणि सवयीने दिवा बंद केला. कोण, ते विचारू नका, पण त्याचा डिप्लोमा इलेक्ट्रिकलचा आहे आणि 'निघताना दिवे बंद करा' ही पाटी वीस वर्षे त्याच्या डोक्यावर आहे. शब्बातला दिवा लावायचाही नाही आणि विझवायचाही नाही. लागलेला असेल तसाच राहू द्यायचा. आता आत काळोख, आणि घरातल्या कोणालाही बटण दाबता येईना. बरे, "तुम्ही लावा" असे आम्हाला सांगणेही त्यांच्या नियमात बसत नाही. नातवंडे गप्प. कोणी आम्हाला एका शब्दाने बोलले नाही. आणि आम्हाला काय झाले ते कळलेच नव्हते.

मग मावशी कोणाकडेही न बघता, भिंतीशी बोलल्यासारखी म्हणाली, "आत काळोख झालाय बाई."

आई उठली. गुडघे धरत गेली, दिवा लावला आणि परत येऊन बसली. आणि दोघी इतक्या हसायला लागल्या की आम्हाला वाटले आता ठसका लागेल. नंतर आईने सांगितले. अलिबागला शनिवारी मावशीच्या घरी चूल पेटवायची नाही, कंदील लावायचा नाही. हिवाळ्यात संध्याकाळी आई शेजारून खेळायला जायची, तेव्हा मावशीची आई असेच भिंतीकडे बघून म्हणायची, "काळोख झाला बाई." आठ-नऊ वर्षांची आमची आई जाऊन कंदील लावायची. कोणी सांगायचे नाही, कोणी आभार मानायचे नाही. तिला ते काम आपले वाटायचे.

मंडळी, आम्ही इतके नियम सांगितले, ते पाठ झाले नाहीत तरी चालेल. एवढे लक्षात ठेवा, की दुसऱ्याच्या घरातला दिवा लागला असेल तर लागलेला राहू द्या, आणि कोणी हळूच काळोखाबद्दल बोलले तर उठा.

रविवारी निघालो. परत येताना विमानतळावर पुन्हा मुलाखत, पुन्हा तीन तास, तेवढे धरून ठेवा. निरोप घेताना पुन्हा भेटू असे दोघींपैकी कोणीच म्हणाले नाही. मावशीने आईच्या हातात पोह्यांचे एक पाकीट परत दिले. "मी तीन ठेवले. हे तुझं."

आता दर शुक्रवारी दुपारी आई घड्याळाकडे बघत असते. उन्हाळ्यात तिथे दोन वाजतात तेव्हा आपल्याकडे साडेचार, हिवाळ्यात साडेपाच. त्याच्या आत ती मावशीला फोन लावते. त्यानंतर लावून उपयोग नाही, हे आमच्या घरात आता सगळ्यांना माहीत आहे.

कोणाला व्हिसाचे कागद, बसचे मार्ग, खर्चाचा हिशोब हवा असेल तर आमची फाइल आम्ही आज बरोबर आणली आहे. चहाच्या वेळी बघावी. फक्त क्रम बिघडवू नये.